पावणेसहाची जिलेबी

आमचे वस्ताद ज्या दिवशी साठ-सत्तर माणसांसमोर आडवे झाले, त्या दिवशी माझ्या पँटच्या डाव्या खिशात जिलेबी होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. नऊ वर्षं झाली. ती पँट बोहारणीला देऊन झाली, तिच्या बदल्यात आलेली स्टीलची पातेली चेपून गेली, मी मात्र अजून तिथंच उभा आहे.

पण आधी वस्ताद कोण, ते सांगतो. माझं नंतर.

वस्ताद म्हटलं म्हणून कोणी पैलवान समजू नये. लाल मातीत त्यांनी उभ्या आयुष्यात पाय ठेवला नव्हता. जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणे कंपनीत ते उगवण तपासायचे. कापूस, मका, बाजरी, कशाचाही लॉट आला की त्यातले चारशे दाणे मोजून घ्यायचे, ओल्या कागदावर ओळीनं मांडायचे, कागद गुंडाळून कपाटात उभा करायचा आणि ठरल्या दिवशी, ठरल्या तासाला उघडून किती उगवले ते लिहायचं. हेच त्यांनी अठ्ठावीस वर्षं केलं. चारशे म्हणजे चारशे. तीनशे नव्याण्णव दाण्यांवर त्यांची सही कोणी पाहिलेली नाही. हंगामाच्या घाईत एकदा मॅनेजर म्हणाले, "अहो, पन्नास दाणे बघून सांगा ना अंदाजे." वस्तादांनी चष्मा वर केला. "साहेब, पोरगी देता का अंदाजे कोणाच्या घरी?" मॅनेजरला दोन मुली होत्या. ते परत प्रयोगशाळेत फिरकले नाहीत.

मी त्याच कंपनीत डिस्पॅचला कारकून. वस्ताद मला नावानं कधी हाक मारत नसत. ते सगळ्यांना धंद्यावरूनच बोलवायचे. मी 'डिस्पॅच', रोलिंग मिलमध्ये भट्टीवर काम करणारा तो 'भट्टी', मस्तगडला औषधांचं दुकान असलेला तो 'मेडिकल', आणि जिल्हा परिषदेच्या शाळेवरचे ते 'गुरुजी'. आम्ही सगळे त्यांच्या व्यायामशाळेत जायचो.

व्यायामशाळा म्हणजे कंपनीच्या मागं बारदाना ठेवायचं जुनं पत्र्याचं शेड. उन्हाळ्यात त्यात नुसतं उभं राहिलं तरी घाम निघायचा, त्यामुळे वजनं उचलणाऱ्याला आणि न उचलणाऱ्याला सारखंच समाधान मिळायचं. लोखंड फुकटचं होतं. शेजारच्या मिलमधले टाकाऊ तुकडे भट्टीनं गॅसकटरनं गोल कापून आणलेले, मधे भोक. वीस किलोची चकती कोणाच्या बापाला वीसची कापता येते? वस्तादांनी एकेक चकती कंपनीच्या काट्यावर नेऊन तोलली आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं जे खरं वजन ते लिहिलं. एकोणीस पूर्णांक सहा. दहा पूर्णांक चार. चार पूर्णांक नऊ. त्यामुळे आमच्याकडे कोणी "मी साठ किलो मारले" असं म्हणू शकत नसे. "एकसष्ट पूर्णांक तीन" असं म्हणावं लागे. गुरुजी म्हणायचे, "वस्ताद, रंगवा ना बिनधास्त वीस. कोण बघून राह्यलं?"

"चकती बघून राह्यली ना," वस्ताद म्हणायचे.

असा माणूस. त्याला मी काय दिलं, ते पुढं येतंच आहे.

वस्तादांचा सिद्धांत एका वाक्याचा होता, पण ते तो सांगायला पाऊण तास घ्यायचे. बियाला पाणी किती द्यायचं यापेक्षा कधी द्यायचं याला महत्त्व, आणि माणसाचंही तसंच. वजन उचलायच्या आधी ज्वारीची भाकरी आणि गूळ कधी खायचा, उचलल्यावर केळं कधी खायचं, यात सगळी ताकद. खाणं चुकलं तर चालेल, वेळ चुकली की गडी वाया. व्यायामाआधीच्या खाण्याला ते 'पेरणी' म्हणायचे आणि नंतरच्या खाण्याला 'पाणी'. व्यायाम संपला की अर्ध्या तासात पाणी पडलंच पाहिजे. शेवटची बैठक मारून झाली की ते ओरडायचे, "चला, जल्दी, केळं काढा! सोला मंग बोला!" आणि अठरा घामाघूम माणसं भिंतीला टेकून, एक शब्द न बोलता, माकडांसारखी केळी खात उभी राहायची. बाहेरून जाणारे टेम्पोवाले मुद्दाम वेग कमी करून बघायचे.

सदऱ्याच्या खिशाला त्यांनी प्रयोगशाळेतला टायमर अडकवलेला असे. तो वाजला की ते खायचे. कुठंही असोत. एकदा आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात वरात नाचत राहिली आणि मुहूर्त पाऊण तास पुढं गेला. शेवटी अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि पहिल्या रांगेत टायमर वाजला. वस्तादांनी शांतपणे रुमाल सोडला. एका हातात अक्षता, दुसऱ्या हातात भाकरी-गूळ. शेजारच्या बाई सरकून बसल्या. "शुभमंगल सावधान" झालं आणि वस्तादांचा हात चुकला. गुळाचा खडा सरळ नवरदेवाच्या फेट्यावर. नवरदेवानं वर पाहिलं, छतात काही नव्हतं. वस्ताद मात्र हळहळले ते गुळासाठी. "दहा ग्रॅम कमी पडला आज," परतीच्या रस्त्यावर त्यांनी मला दोनदा सांगितलं.

काकू, म्हणजे वस्तादांच्या मंडळी, या सगळ्याला पुरून उरलेल्या. भाकरी नव्वद ग्रॅमचीच हवी, असा त्यांना हुकूम होता. एकदा मी घरी गेलो असताना वस्ताद भाकरी काट्यावर ठेवून म्हणाले, "अगं, एकशे चार भरून राह्यली ही."

"माझ्या हातात बांगड्या हायत, काटा न्हाई," काकू तव्यावरून म्हणाल्या. "जास्तीची चौदा ग्रॅम कुत्र्याला टाका. त्याला टायमर न्हाई, ते मेलं सुखी हाय."

मग माझ्याकडं वळून, "डिस्पॅचभाऊ, तुमी तरी जेवून घ्या. किती वाजले ते बघू नका." त्यांनाही माझं नाव माहीत नव्हतं.

नव्या जालन्यात तेव्हा वातानुकूलित जिम निघाली होती. चारी बाजूंनी आरसे, आणि काउंटरवर प्रोटीन पावडरचे डबे, एकेक डबा अंगणातल्या बादलीएवढा. वस्ताद एकदा मला घेऊन तिथं गेले. ट्रेनर तरणाबांड होता, दंडावर वाघ गोंदलेला. वस्तादांनी डबा हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "हे कवा खायाचं?"

"कधीही चालतं काका. सकाळी, संध्याकाळी, तुम्हाला पाहिजे तेव्हा."

वस्तादांनी डबा दोन्ही हातांनी परत ठेवला, जसा कोणी अपशकुनी वस्तू ठेवावी तसा. बाहेर येऊन त्यांनी स्कूटरला किक मारली. मग म्हणाले, "कवाबी चालतं म्हणे. कवाबी चालतं ते अन्न न्हाई, डिस्पॅच. ती नुसती माती."

याच भेटीतून प्रयोग निघाला.

वस्तादांना दाखवून द्यायचं होतं. भांडून नाही, कागदावर. त्यांनी आम्हा अठरा जणांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि तीन लॉट पाडले. लॉट अ, पेरणी व्यायामाच्या अर्धा तास आधी. लॉट ब, दोन तास आधी. लॉट क, चार तास आधी, आणि मधे पाण्याखेरीज काही नाही. बारा आठवडे. आठवड्यातले सहा दिवस संध्याकाळी साडेसहाला व्यायाम, शनिवारी खांद्यावर दांडी घेऊन बैठक, कोण किती उचलतं त्याची नोंद. जाडजूड रजिस्टर आणलं, रकाने आखले. शेवटचा रकाना होता 'पेरणीनंतर काय खाल्लं'. तिथं काही खाल्लं नसेल तर 'निरंक' लिहायचं. हा सरकारी शब्द त्यांना फार आवडायचा.

माझी चिठ्ठी लॉट क मध्ये निघाली. वर वस्ताद म्हणाले, "रजिस्टर डिस्पॅच लिहील. रोज हजारो पिशव्या मोजतो, आजवर एका पिशवीचा फरक न्हाई. त्याच्या नोंदीवर माझा बिलकुल भरोसा."

हे सगळ्यांसमोर म्हणाले.

मी तेव्हा एकोणचाळीसचा. पोट सुटलेलं. बायकोनं सगळ्या नात्यात सांगून ठेवलेलं की यांनी आता मनावर घेतलंय. पहिला आठवडा मी इमानानं काढला. अडीचला भाकरी, मग काही नाही. पाचला चहा यायचा, मी नको म्हणायचो. साडेपाचला माझे हात कापायचे आणि डोळ्यांसमोर चलनांवरचे आकडे नाचायचे. पहिल्या शनिवारी मी एक्केचाळीस पूर्णांक दोनवर बसलो आणि खाली बसलो तो बसलोच. भट्टीनं मला दांडीसकट उचललं.

दुसऱ्या सोमवारी कंपनीतून शेडकडं जाताना चौकातल्या गाड्यावर जिलेबी निघत होती. वाजले होते पावणेसहा. मी स्वतःला म्हटलं, एकच वेढा. तो एक वेढा कसला, शंभर ग्रॅम झाली. पुढं रोजच झाली. गाड्यावाला मला लांबून पाहिलं की कागद फाडायला घ्यायचा.

वस्ताद दाराशी उभे राहून येणाऱ्याची बोटं हुंगायचे. खरंच हुंगायचे, हसू नका. गुरुजींच्या बोटांना एकदा भज्याचा वास आला तर त्यांना दारातून परत पाठवलं होतं. मी त्यावरही तोड काढली. गाड्यावर हात धुवायचे आणि मोटारसायकलच्या चेनचं ग्रीस बोटांना चोळायचं. वस्ताद हुंगायचे आणि खूश व्हायचे. "मेहनतीचा वास हाय," म्हणायचे. आत जाऊन मी रजिस्टर उघडायचो आणि माझ्या नावापुढं लिहायचो, निरंक.

ते लिहिताना पहिल्या दिवशी पेन अडखळलं. तिसऱ्या दिवशी अडखळलं नाही. माणूस किती लवकर सरावतो, हे मला त्या रकान्यानं शिकवलं.

आता झालं काय, की लॉट क ची माणसं गळायला लागली. गुरुजी तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "वस्ताद, वर्गात फळ्यावर 'क' लिहिला तरी मला भूक लागून राह्यली," आणि गेले. एकजण पाचव्यात गेला. आठव्या आठवड्यात सहापैकी मी एकटा उरलो. आणि माझं वजन शनिवारगणिक वाढत गेलं. बावन्न पूर्णांक सहा. त्रेसष्ट पूर्णांक आठ. अ आणि ब लॉटची माणसं हळूहळू सरकत होती, आणि हा लॉट क चा एकुलता एक कारकून चार तासांच्या रिकाम्या पोटी त्यांना मागं टाकत होता. हल्ली फोनवर पाहतो तर सगळीकडं हेच सांगतात, की जड व्यायामाआधी तासभर अगोदर थोडं गोड, थोडं पिठूळ पोटात गेलं की अंगात जोर येतो. बाकी घड्याळाचं एवढं काही नसतं, दिवसभरात पुरेसं खाल्लं की झालं. म्हणजे वस्तादांनी मांडलेल्या प्रयोगात सगळ्यात बरोबर मी खात होतो. फक्त ते लिहीत नव्हतो.

बाराव्या शनिवारी मी अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार घेऊन बसलो आणि उठलो. भट्टीनं शिट्टी मारली. वस्तादांच्या डोळ्यांत पाणी. चारशे दाण्यांशिवाय सही न करणारा हा माणूस, त्यानं त्या दिवशी एका दाण्यावर सही केली.

मेडिकलनं हळूच म्हटलंसुद्धा, "वस्ताद, सहामधला एकच टिकला. हे धरायचं का?"

"बाकीच्यांनी नियम पाळला न्हाई, म्हणून गळले," वस्ताद म्हणाले. "यानं पाळला. रजिस्टर बघा. बहात्तर दिवस, बहात्तर निरंक."

मला नारळ मिळाला, टॉवेल मिळाला. टोपी घातलेला माझा फोटो शेडमध्ये लागला, खाली 'चार तास' असं लिहून. घरी बायकोनं आजूबाजूला पेढे वाटले. पेढा मीही खाल्ला, पण उघड.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो असतो तर काय झालं असतं? चार जण हसले असते. वस्ताद पंधरा दिवस अबोला धरून बसले असते, मग म्हणाले असते, चला, परत चिठ्ठ्या टाकू. एवढंच. पण टॉवेल खांद्यावर होता.

पुढची गोष्ट मला ठाऊक होती आणि मी ती स्वतःपासून लपवली, ती अशी. वस्तादांना साखरेचा आजार होता. दुपारच्या जेवणाबरोबर ते एक गोळी घ्यायचे. हे शेडमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यांना ते कमीपणाचं वाटायचं. गोळ्या ते मस्तगडला मेडिकलकडून न आणता लांबच्या दुकानातून आणायचे. मला ठाऊक होतं, कारण दोनदा मीच आणून दिल्या होत्या. माझ्या वडिलांना हीच गोळी होती. आणि आई त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम खडीसाखर ठेवायची, का, तेही मला लहानपणापासून माहीत होतं.

वस्ताद स्वतः आजवर लॉट अ सारखे खायचे. अर्धा तास आधी भाकरी-गूळ. तेवढ्यानं त्यांचं बरं चाललं होतं. माझा निकाल हाती आल्यावर त्यांनी स्वतःची पेरणी चार तास मागं नेली.

काकूंनी मला फाटकाशी गाठलं. "भाऊ, त्यांचे हात कापून राह्यले संध्याकाळी. तुमी चार तास उपाशी कसे राहता हो? तुमाला न्हाई होत काही?"

"सवय होते, काकू," मी म्हणालो.

मग प्रात्यक्षिक ठरलं. शनिवारी संध्याकाळी शेडसमोर मांडव, मॅनेजर पाहुणे, मिलचे लोक, वातानुकूलित जिममधला तो वाघवालाही आला होता. वस्ताद सत्तावन्नाव्या वर्षी, चार तासांच्या रिकाम्या पोटी, बहात्तर पूर्णांक आठ घेऊन पाच बैठका मारणार. बहात्तर माझ्या निरंकांच्या मानाचे. काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या पिशवीत कायम गुळाचा डबा असायचा, तो त्या दिवशी नव्हता. वस्तादांनीच घरी ठेवायला लावला होता. "पाव्हण्यांना गूळ दिसला तर प्रयोगाची इज्जत जाईल," असं म्हणून.

मी पावणेसहाला गाड्यावर गेलो होतोच. घाईत अर्धीच खाऊन झाली. उरलेली कागदात, कागद पिशवीत, पिशवी डाव्या खिशात. कार्यक्रम संपल्यावर खाऊ म्हटलं.

वस्तादांनी दांडी खांद्यावर घेतली. मी मागं उभा, आधाराला. एक बैठक झाली. दोन झाल्या. त्यांची मान मागून ओली दिसत होती, सदरा पाठीला चिकटलेला, आणि गुडघे, ते मला अजून दिसतात, वाऱ्यावर पत्रा हलावा तसे. मला कळलं होतं. मी "वस्ताद, ठेवा" म्हणायला हवं होतं. तिसऱ्या बैठकीला ते खाली गेले आणि डावीकडं कलले. मी दांडी धरली, पण उशिरा धरली. एकोणीस पूर्णांक सहाची चकती जमिनीवर आपटली आणि दांडी त्यांच्या खांद्यावरून सरकली. हासळीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

ते हाडाबद्दल काहीच बोलेनात. घामानं निथळत, डोळे अर्धवट, "टायमर... टायमर कुठं हाय" असं बडबडत होते. मेडिकल धावत आला, त्यानं हात लावला आणि ओरडला, "साखर कमी झाली यांची! गोड आणा काही! जल्दी!"

भट्टी रस्त्याकडं पळाला. समोरची टपरी त्या दिवशी बंद. तो मिलच्या फाटकाकडं पळाला. मांडवातली माणसं खिसे चाचपू लागली. तंबाखू निघाली, चुना निघाला, बिड्या निघाल्या. साठ-सत्तर माणसांत गोड काही नाही. निम्मे लोक मोबाइल धरून उभे.

काकूंनी पिशवी पूर्ण उलटी केली. मग मान वर करून त्यांनी एकेकाकडं पाहिलं आणि माझ्याशी थांबल्या. मी सगळ्यात जवळ होतो.

"भाऊ, तुमच्याकडं हाय का हो काही?"

माझा हात खिशावर होता. पाक पिशवीतून झिरपून मांडीला लागत होता. समोर मॅनेजर, मेडिकल, तो वाघवाला. मागं शेडच्या उघड्या दारातून दिसणारा, भिंतीवरचा टोपीतला मी, खाली 'चार तास'.

"न्हाई, काकू," मी म्हणालो.

भट्टी फाटकावरून साखर घातलेला चहा घेऊन आला तेव्हा चार-पाच मिनिटं गेली असतील. मला ती मोजायची नाहीत. चमच्या-चमच्यानं चहा पोटात गेला, वस्तादांनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले, "प्रयोग बराबर हाय. माझं बियाणं जुनं झालं."

घरी जाताना मी जिलेबी नाल्यात टाकली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात माझं काही नाही, म्हणजे सगळंच माझं आहे. पडतानाचं चित्रण त्याच आठवड्यात जालनाभर फिरलं. कोणीतरी त्याला हसायचं संगीत लावलं होतं. वाघवाल्याच्या जिमनं ते आपल्या डब्यांच्या जाहिरातीत वापरलं. वस्तादांचा हात खांद्याच्या वर जाईना. कंपनीनं शेड परत घेतलं. चकत्या भंगारात गेल्या आणि भंगार मिलमध्येच गेलं, वितळून त्यांची सळई झाली असणार. कुठल्या तरी स्लॅबमध्ये ते खरे आकडे असतील. वस्ताद लवकर निवृत्ती घेऊन काकूंसह तीर्थपुरीला गावी गेले. निघताना त्यांनी रजिस्टर बरोबर नेलं.

मी त्यांना भेटायला गेलो नाही. कामं असतात.

गेल्या महिन्यात एका कामासाठी तीर्थपुरीला जावं लागलं. बसस्टँडवर उतरलो तोच मागून आवाज आला, "काय डिस्पॅच, किती वाजता जेवले?"

सहासष्ट वर्षांचे वस्ताद. बारीक झालेले, टायमर खिशाला तसाच. डावा हात जरा आखडलेला. मला ओढतच शाळेच्या मैदानावर घेऊन गेले. तिथं पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या गावातल्या दहा-बारा मुली धावत होत्या, आणि वस्ताद त्यांना फुकट शिकवून राह्यले होते. हातात तेच रजिस्टर. पुठ्ठ्याला नवीन कापड लावलेलं.

"यांना हेच वाचून दाखवतो," ते म्हणाले आणि मुलींकडं वळले. "पोरींनो, हेच ते. ज्याचं सांगतो ना मी, बहात्तर दिवस निरंक. चार तास रिकामं पोट आन् अठ्ठ्याहत्तर पूर्णांक चार!"

मुलींनी माझ्याकडं पाहिलं. माझं आजचं पोट पाहून एकजण फिसकन हसली. दुसरी हसली नाही. ती दोन फेऱ्या मारून मैदानाच्या कडेला बसली होती, हात गुडघ्यावर, चेहरा पांढरा. "सर, डोळ्यापुढं अंधारी आली," म्हणाली.

"सवय होते बाई," वस्ताद मायेनं म्हणाले. "यांना झाली का न्हाई?"

माझंच वाक्य. काकूंनी त्यांना सांगितलं असणार, भाऊ असं म्हणाले होते म्हणून.

त्यांनी मला रजिस्टरचं शेवटचं पान दाखवलं. त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: 'निष्कर्ष. प्रयोग यशस्वी. प्रयोग करणारा नापास.' खाली सही. मी म्हटलं, "वस्ताद, मला जरा सांगायचं होतं." ते म्हणाले, "सांगा ना." तेवढ्यात टायमर वाजला, ते केळं सोलायला लागले, आणि मी पाणी पिऊन येतो म्हणालो.

मैदानाबाहेर गाड्यावरून मी दोन केळी घेतली आणि त्या मुलीला झाडाआड बोलावून दिली. "सरांना सांगू नको," म्हणालो. तिनं सालं पर्समध्ये लपवली. नऊ वर्षांनी मी पुन्हा तेच करत होतो, फक्त आता दुसऱ्याला शिकवत होतो. त्या क्षणी मला माझी जेवढी शिसारी आली तेवढी मांडवातही आली नव्हती. बस पकडून मी जालन्याला आलो आणि हे लिहायला बसलो.

कंपनीत मी अजून डिस्पॅचलाच आहे. पिशव्यांत अजून एकीचा फरक नाही.

माझ्याकडून वस्तादांना एक नोंद यायची आहे, आणि तीर्थपुरीच्या त्या मुली पुढच्या भरतीला उभ्या राहण्याआधी ती त्यांच्या रजिस्टरमध्ये माझ्या हातानं, काकूंसमोर लिहायची आहे: लॉट क, वेळ पावणेसहा, जिलेबी, शंभर ग्रॅम, पहिला आठवडा सोडून रोज, आणि शेवटच्या दिवशी अर्धी खिशात होती, विचारल्यावर दिली नाही.